हसलं की अंधार

जिनिंगमध्ये काम केलेल्या माणसाच्या अंगावर रुई बसते. घरी येऊन कितीही झटका, कानामागं, भुवयांत थोडी राहतेच. किश्श्यांचंही तसंच आहे. आमच्या बाभुळगावच्या नाटक मंडळीत मी दोन-तीन हिवाळे काय काढले, अंगावर इतके किस्से बसले की अजून झटकतोच आहे!

टपरीवर मित्र म्हणतात, "गुलाबभाऊ, तो सायकलीचा किस्सा सांगा ना." मी सुरू करतो. पण माझं बोलणं संथ. मी निम्म्यात येईपर्यंत लोकांचा चहा संपतो, आणि शेवट दुसराच कोणी सांगून मोकळा होतो. म्हणून या वेळी लिहूनच काढतो. शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा काना-मात्रा सांभाळून घ्या.

*

ते कापसाचे वाईट दिवस होते. भाव नव्हता, बोंडं किडत होती, जिनिंगची चाकं निम्मा आठवडा बंद. गावात कोणी मोठ्यानं हसलं तर लोक वळून पाहायचे. अशा वेळी आमच्या मधू सरांनी, म्हणजे शाळेतून रिटायर झालेल्या मास्तरांनी, संगीत नाटक लिहिलं. तेही विनोदी!

नाटक एकाहत्तरच्या लढाईच्या दिवसांतलं. एका गावात अजून वीजच आलेली नाही, पण ब्लॅकआउटचा हुकूम येतो. आता वीज नाही तिथं अंधार करायचा कसा? पण गावचा पाटील हट्टाला पेटतो. कंदिलाला काळा कागद, चुलीला आडोसा, बिडी ओढणाऱ्याला दंड! आणि मधूनमधून रेडिओवर त्या वेळची गाणी. जवान निघाले अशी जोशाची, आणि घरी राहिलेल्या बायकोची हळवी.

"पण रेडिओ कुठून आणाचा?" पुंडलिकनं विचारलं. हा आमचा शिंपी, नाटकात पाटील व्हायचा.

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी भजनी मंडळात पेटी वाजवायचो. "गुलाब, तू रेडिओ हो," म्हणाले.

एका लाकडी कपाटाला पुढून पातळ कापड लावलं, दोन मोठी बटनं ठोकली आणि मला पेटीसकट आत बसवलं. नायिकेनं बटन पिळलं की मी वाजवायचं, आणि ती रेडिओबरोबर गायची. मधल्या बातम्याही मीच सांगायच्या.

घरी बायकोला म्हटलं, मला नाटकात काम मिळालं.

"कायचं?"

"रेडिओचं."

ती म्हणाली, "चला, घरात नाही तं नाटकात तरी बोलसान!"

*

पहिला प्रयोग बाभुळगावातच. नायिकेनं बटन पिळलं आणि मी बातमी सुरू केली. "आपल्या... शूर जवानांनी... काल रात्री..."

घाईनं बोलायचं ठरवलं होतं, पण जीभ आपल्या चालीनंच चालली. बातमी सीमेपर्यंत पोचायच्या आधी मागून एक जण ओरडला, "अरे, रेडिओचे सेल उतरले बे!"

मंडप हसून लोळला. तेवढ्यात पुंडलिक पाटलाच्या ऐटीत पुढं आला, कपाटावर थाप मारून म्हणाला, "उद्या सकाळी याले उन्हात ठेवा रे!"

आमच्याकडं उतरलेले सेल उन्हात ठेवायची पद्धत होती. दोन दिवस आणखी चालायचे. ते ऐकून म्हातारी माणसंसुद्धा उठून टाळ्या वाजवायला लागली. सरांनी ते वाक्य नाटकात कायमचं घातलं.

दुसऱ्या दिवशी मी एसटी स्टँडवर उन्हात बसलो होतो. थंडीचे दिवस, पाठ शेकत होती. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून विचारायचा, "काय गुलाबभाऊ, भरले काय सेल?"

*

आता नायिकेचं सांगतो. वत्सलाताई. साठीच्या जवळ आलेल्या, पण गळा असा की मी पेटी सोडून ऐकत बसायचो. लढाईच्या वेळी त्यांचं नवीन लग्न झालेलं होतं आणि नवरा सीमेवर होता. ती सगळी गाणी त्यांना तेव्हापासून पाठ.

नवरा म्हणजे नामदेवराव. हवालदार होऊन परत आलेले. बोलणं माझ्यापेक्षाही कमी. नाटकाचं कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "लढाईत हासाले काय होतं? मले नोका बोलावू."

वत्सलाताई म्हणाल्या, "तुमची लढाई तिकडं झाली. आमची इथं झाली, रेडिओपुढं. बातम्यात आपल्या माणसाचं नाव तं येत नाही ना, या भेवानं बसत होतो आम्ही."

नामदेवरावांनी त्यांना अडवलं नाही. उलट प्रत्येक गावाला ताईंबरोबर यायचे. पण मंडपाबाहेर, नाटकाकडं पाठ करून बसायचे!

एकदा ताई मला म्हणाल्या, "दादा, टाळ्या नाही पाह्यजे मले. हे एकदा इकडं तोंड करून बसले पाह्यजे. आन् हासले पाह्यजे. लढाईहून आले तवापासून मोकळं हासणं नाही यायचं."

"हे" म्हणजे नामदेवराव. नवऱ्याचं नाव त्यांनी कधी तोंडातून काढलं नव्हतं.

*

आणि नाटकातला सगळ्यात गाजलेला प्रवेश नेमका नवऱ्याचं नाव घेण्याचाच! नायिकेला सीमेवरच्या नवऱ्यासाठी रेडिओवर गाणं लावून घ्यायचं असतं. पोस्टमन कार्ड लिहून देतो. पण नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? नाव असतं विठ्ठल. ती खुणा सांगते.

"विटेवर उभे राह्यते ते."

पोस्टमन विचारतो, "गवंडी हाये काय?"

"नाही हो! कमरेवर हात ठेवून उभे राह्यते."

"मंग मुकादम असन!"

पोस्टमनचं काम मधू सर स्वतः करायचे. शेवटी नायिका लाजत उखाणा घेते, त्यात विठ्ठल म्हणते, आणि कार्ड पुरं होतं. तालमीत ताई त्या खोट्या नवऱ्याचं नाव घ्यायलाही लाजायच्या. सर वैतागून म्हणाले, "ताई, हा तुमचा नवरा नाही, पुठ्ठ्याचा हाये!"

ताई म्हणाल्या, "असू द्या. नाव तं माणसाचं हाये ना."

*

लोडशेडिंगनं तर आमच्या नाटकात न मागता काम घेतलं होतं.

एका गावी सर सायरन काढायला उभे राहिले. सायरन ते माईकपुढं तोंडानंच काढायचे. श्वास भरून घेतला, आणि "ऊं" म्हणायच्या आत वीज गेली! सर अंधारात ओरडले, "अजून नाही! अजून नाही! माझं झालं नाही अजून!"

लोकांना वाटलं हेच नाटक. टाळ्या!

मग कंदिलावर ब्लॅकआउटचा प्रवेश सुरू झाला. पुंडलिक पाटील काठी घेऊन दबक्या पावलानं फिरतोय, "कोणाच्या घरी उजेड दिसला तं याद राखा," आणि भप्पकन् सगळे बल्ब लागले. वीज परत आली होती.

पुंडलिक क्षणभर आंधळ्यासारखा उभा. मग काठी उगारून गरजला, "कोणाच्या घरचा दिवा हाये बे हा?"

प्रेक्षकांतून उत्तर आलं, "वीजवाल्याइचा हाये पाटील! धरा त्यायले, आमाले तं सापडत नाही!"

*

झरी जामणीकडच्या एका जंगलातल्या गावचा किस्सा वेगळा. तिथं थंडी अशी की पेटीच्या पट्ट्यांवर बोटं वळत नव्हती. लोक शेकोट्या करून नाटक पाहत होते. नामदेवराव एका शेकोटीशी, नेहमीसारखी पाठ करून.

सरांनी सायरन काढला. पुंडलिक ओरडला, "दुश्मनाचं इमान आलं! बिड्या इझवा! जाळ इझवा!"

सगळ्यांत आधी उठले ते नामदेवराव. पायानं माती लोटून त्यांनी शेकोटी विझवली. मान वर करून आभाळाकडं पाहिलं. त्यांचं पाहून बाकीच्यांनी विझवल्या. अख्खं गाव काळोखात, कुडकुडत, चिडीचूप. एक पोर रडलं नाही.

नाटक संपलं, टाळ्या झाल्या, आम्ही सामान आवरायला लागलो. एक म्हातारे आजोबा घोंगडी सावरत पुंडलिकपाशी आले. हात जोडून म्हणाले, "पाटील, लढाई सरली काय? जाळ करू काय आता?"

पुंडलिकनं स्वतःच वाकून काटक्या गोळा केल्या.

टेम्पोत ताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "पाह्यलं काय दादा? पाठ तिकडं होती, पण कान इकडंच होते!"

*

त्यानंतर एकदा एसटीनं परत येत होतो. नामदेवराव खिडकीशी, ताई मध्ये, मी कडेला. गाडी चढाला लागली तसा कुठून तरी गुणगुणण्याचा आवाज यायला लागला. आमचंच गाणं! ताईंनी मला कोपरानं ढोसलं. मी पाहतो तो नामदेवरावांचे ओठ बंद, पण गळा हलतोय.

ताई हळूच म्हणाल्या, "सूर बरोबर लागला हो."

नामदेवराव खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "इंजिनचा आवाज हाये."

गाडी तर केव्हाच थांब्यावर येऊन बंद उभी होती!

*

आता राळेगावकडचा प्रयोग. सातचा टाइम, आणि पावणेसातला वीज गेली. गॅसबत्ती पेटवली तर तिचं मेंटल, म्हणजे आतली जाळी, फटक्यासरशी झडून पडलं. मंडप माणसांनी फुललेला, बायाबापड्या कापूस वेचून दमून आलेल्या. सर डोकं धरून बसले. "परत करा लोकाइले," म्हणाले.

गर्दीतून एक जण उठला. "परत कायले करता? सायकली नाही काय?"

बघता बघता स्टेजपुढं सायकलींची रांग लागली. सगळ्या स्टँडवर, तोंडं स्टेजकडं. डायनामो चाकाला टेकवले, गडी वर बसले. "मारा पायडल!" आणि पिवळा उजेड स्टेजवर पसरला. लोकांनी काय आरोळी ठोकली!

पडदा सरकला. पुंडलिकनं पहिला विनोद केला. सगळे हसले, सायकलवाले तर पोट धरून हसले, पाय थांबले, आणि स्टेज काळंकुट्ट!

असं दर विनोदाला व्हायला लागलं. हसलं की अंधार. सर विंगेतून ओरडले, "हासा, पण पायडल मारून हासा!" त्यावर इतकं हसू आलं की उजेड यायला आणखीच वेळ लागला.

त्यात एका सायकलीचा मालक दमून उतरला. सरांनी बाहेर पाहिलं. नामदेवराव पाठ करून बसलेले. सर जवळ गेले आणि म्हणाले, "हवालदारसाहेब, एक जागा खाली हाये. ड्यूटी हाये."

ड्यूटी म्हटल्यावर फौजी माणूस नाही कसा म्हणेल? उठले. सायकलीवर बसले. आणि दिव्याचं तोंड स्टेजकडं, म्हणजे माणसाचंही स्टेजकडंच!

मी कपाटातल्या कापडाआडून पाहत होतो. नामदेवराव कवायतीसारखे पायडल मारत होते. विनोद झाला की सगळे दिवे मिणमिणायचे, एक मात्र हलायचा नाही. गवंडी झाला, मुकादम झाला, पुंडलिक पडला, धोतर फिटलं, सगळीकडं काळोख, आणि तो एक दिवा नीट ताईंच्या तोंडावर. कारण ते हसतच नव्हते.

ताईंच्याही लक्षात आलं होतं. बोलता बोलता त्या त्या दिव्याकडं पाहत होत्या.

मग उखाण्याची वेळ आली. मधू सर कार्ड-पेन्सिल घेऊन उभे. "आता तरी नाव सांगा बाई, पोस्टाची पेटी बंद होऊन राह्यली."

ताईंनी पदर डोक्यावर घेतला. पाठ केलेला उखाणा त्या म्हणाल्याच नाहीत. थोड्या पुढं आल्या, त्या एका दिव्याच्या समोर, आणि म्हणाल्या,

"साऱ्या सायकली बंद पडल्या लोकाइच्या हासण्यानं,
एक दिवा जळते अजून नामदेवरावांच्या रुसण्यानं!"

बाकीचे सायकलवाले पायडल सोडून वळून नामदेवरावांकडं पाहायला लागले. सरांची पेन्सिल खाली पडली, तिचा आवाज मला कपाटात ऐकू आला.

आणि तो दिवा मिणमिणला. पिवळा झाला, लाल झाला, विझला.

गच्च अंधार. गाणं सुरू करायचं म्हणून मी पेटीवर बोटं ठेवली होती, ती तशीच राहिली. मागून कोणी तरी ओरडलं, "अरे, पायडल मारा बे!"

अंधारातून ताईंचा आवाज आला, "नोका मारू. घडीभर अंधारच राहू द्या."