इंग्लिश हाउसमधले जोडे

भुतांना मी कधीच घाबरले नाही. मी घाबरते ती रविवारी मिक्सर लावला की बेल वाजवणाऱ्या खालच्या मजल्यावरच्या फ्राऊंना, म्हणजे जर्मन बाईंना. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय...

इथे जर्मनीत, आमच्या ब्योब्लिंगेनपासून गाडीने अर्ध्या तासावर एक जुनं कंट्री हाउस आहे. कुण्या गिरणीमालकाने आपल्या इंग्लिश बायकोला करमावं म्हणून अगदी तिच्या माहेरासारखं बांधलेलं, म्हणून नाव ‘इंग्लिश हाउस’. युद्धात तिथे लात्सारेट — जखमी सैनिकांचं हॉस्पिटल — झालं, मग मुलींचं वसतिगृह, मग हॉटेल. आता हॉल भाड्याने देतात. शनिवारी लग्नं, बुधवारी योगा आणि गेल्या भाद्रपदात आमच्या मंडळाचा गणपती. तिथला हाउसमाइस्टर, म्हणजे केअरटेकर, हे सगळं सांगत होता तेव्हा माझं लक्ष मोदकाची पातेली शेगडीवर मावतील का याकडे.

जोडे काढायला दाराजवळची गार्डरोबे, म्हणजे कोट ठेवायची खोली मिळाली. मी हवालदारासारखी उभी राहून सगळ्यांना जोड्या भिंतीलगत ओळीत लावायला लावल्या. पुण्याहून आलेले सासरे, आमचे बाबा, तिथेच बाकावर बसले. शुगरमुळे त्यांचा एक पाय गुडघ्याखाली गेलाय. कृत्रिम पायाचा बूट चटकन निघत नाही, आणि बूट घालून देवासमोर यायचं नाही हा त्यांचा हट्ट. म्हणाले, “तू जा गं, मला इथून आरती ऐकू येते.”

दुपारची आरती रंगात आली आणि गार्डरोबेचं दार धाडकन बंद झालं. मग आत... काय सांगू. जोडे भिंतीवर आदळत होते. काच फुटली. बाक मोडला. आम्ही बाबांना हाका मारतोय, उत्तर नाही. ह्यांनी आणि आणखी दोघांनी खांदे लावले. दार वीतभर उघडलं, आणि आतून एक बूट ह्यांच्या कपाळावर असा बसला की सोवळं रक्ताने भिजलं. दार पुन्हा बंद. मी दोन्ही मुठींनी दार बडवत होते — बाबांना सुखरूप परत पाठवीन, असं सासूबाईंना कबूल करून आणलं होतं हो...

एकदम शांत झालं. दार आपसूक उघडलं.

लोखंडी कोट-स्टँड भिंतीतून उपटलेला. प्रत्येक जोडीतला एकच जोडा फाटून चिंध्या — कुणाचा डावा, कुणाचा उजवा. दुसरा मी लावायला सांगितला तसाच ओळीत. मध्ये जमिनीवर बाबा, कृत्रिम पाय काढून मांडीवर घेतलेला. अंगावर ओरखडाही नाही.

लात्सारेट होतं तेव्हा ही खोली कसली होती, हे मी हाउसमाइस्टरला नंतर विचारलं. ऑपरेशनची, तो म्हणाला. हात-पाय कापायचे तिथे. बाबांना आम्ही हे अजून सांगितलेलं नाही.

आमचे हे इंजिनियर. कपाळाला टाके घालून घेताना म्हणाले, वारा असेल. मी बाबांकडे बघितलं.

“खूप जण होते,” बाबा म्हणाले. “फार चिडलेले. मी माझा पाय काढून दाखवला. मग थांबले. एकाने हात धरून मला खाली बसवलं.”

याला काय म्हणायचं, मला खरंच माहीत नाही. आमच्या दारात आता जोडे कसेही पडलेले असतात. मी ओळ लावत नाही.