तिसऱ्या टाकीचा पत्ता

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत ड्रायव्हर लिहायचो. माझं गाव जळकोट. तिथं ड्रायव्हर म्हटलं की एकच अर्थ निघायचा, म्हणून मी घरी नुसतं 'कॉम्प्युटरचं काम' एवढंच सांगत असे.

आमचा ड्रायव्हर म्हणजे संगणकाला जोडलेल्या यंत्राशी बोलणारा प्रोग्राम. संगणकाच्या मेमरीत प्रत्येक जागेला एक क्रमांक असतो, तो तिचा पत्ता. बाहेरून जोडलेल्या यंत्रालाही असेच काही पत्ते दिलेले असतात. पण कर्नल, म्हणजे संगणकाचा सगळा कारभार बघणारा मूळ प्रोग्राम, ते पत्ते थेट वापरू देत नाही. त्याला आधी सांगावं लागतं की अमुक पत्त्यापासून पुढं इतकी जागा मला जोडून दे. तो ती जागा पानांनी, म्हणजे ठरावीक मापाच्या तुकड्यांनी मोजतो आणि सांगितली तेवढीच पानं जोडून देतो. याला मॅपिंग म्हणतात. किती पानं मागायची, हे ड्रायव्हर लिहिणाऱ्यानं ठरवायचं असतं.

उमरग्याजवळ हायवेला लागून एक सहकारी दूध शीतकरण केंद्र होतं. तिथल्या टाक्यांतली दुधाची पातळी मोजणारं कार्ड आमच्या कंपनीनं बसवलं होतं आणि त्याचा ड्रायव्हर माझा होता. टाकी किती टक्के भरली, ते चेअरमनच्या केबिनमधल्या पडद्यावर दिसायचं. शेजारच्या खोलीत एक ऑपरेटर बाई त्याच संगणकाला जोडलेल्या कीबोर्डवर गावोगावच्या दूध संस्थांचं दूध टाइप करून नोंदवायच्या. दोन खोल्यांच्या मध्ये काचेची खिडकी होती.

तिसरं कोरडं वर्ष चालू होतं. चारा नव्हता, दूध आटलं होतं, आणि आलेल्या प्रत्येक कॅनकडं लोक संशयानंच बघत. जवळचं एक केंद्र बंद पडलं, त्याचं दूध इकडं वळवलं आणि तोवर कोरडी पडलेली तिसरी टाकी वापरात आली. आठच दिवसांत चेअरमनचा फोन आला. फोनवर सांगण्यासारखं नाही, तुम्ही स्वतः या, एवढंच ते म्हणाले.

मी पोचलो तेव्हा त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं.

"ही तीन नंबरची टाकी बघा," ते म्हणाले. "गाडी आलेली न्हाय, कॅन वतलेला न्हाय, तरी पन्नासाचं छप्पन व्हतंय. मग परत एक्कावन. वाढतंय ते पाणी, आन् कमी व्हतंय ते दूध. दुसरं काय असंल?"

"दूध तपासलं का?"

"तपासलं. पाणी न्हाय निघालं. पण तपासणारे बी हितलेच की." त्यांनी खिडकीकडं बोट केलं. "आन् ही बाई मशीनवर असली तरच व्हतंय हे. तिच्या सुट्टीला आकडा हालत न्हाय. टाकीवरच्या मामाची आन् तिची काय तरी खूण असणार."

मामा म्हणजे टाक्या धुणारे वयस्कर कामगार. बाई उमरग्याच्याच, बौद्ध कुटुंबातल्या, टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास झालेल्या. चेअरमन जरा थांबून म्हणाले, "दुधाजवळ कुणाला बसवायचं, याचा आधीच इचार करायला पायजे हुता." ते कशाबद्दल बोलत होते ते मला कळलं. मी पडद्याकडं वळलो.

दोन दिवस मी केबिनमध्ये बसून एक डोळा पडद्यावर आणि एक डोळा काचेवर ठेवला. चेअरमन सांगत होते ते खरं होतं. बाई टाइप करू लागल्या की तिसऱ्या टाकीचा आकडा हलायचा. पन्नास, चोपन्न, एकोणपन्नास. त्या थांबल्या की तोही थांबायचा. पहिल्या दोन टाक्या शहाण्यासारख्या वागत होत्या. माझा ड्रायव्हर पुण्यात तपासून झाला होता, त्यामुळं माझाही संशय बाईंवरच गेला. त्या पाणी प्यायला उठल्या तरी त्या कुठं बघतात ते मी बघत होतो. मामा दारातून डोकावले तर मी वेळ टिपून ठेवत होतो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "मामा तुमच्या ओळखीतले का?"

त्यांनी टाइप करणं थांबवलं. "साहेब, तुमी बी त्येच बघायला आलाव का?"

"तसं नाही. मशीन तपासतोय."

"मशीन तिकडं हाय," त्या म्हणाल्या. "तुमी दोन दिस माझ्याकडंच बघायलाव."

मला राग आला. माणूस चोर असला की असंच बोलतो, असं मनात आलं. संध्याकाळी मीच चेअरमनना सुचवलं की उद्या बाईंना मशीनवर बसवू नका. बाहेर त्याचा काय अर्थ लावतील, हे मला कळत होतं.

सकाळी त्यांना अंगणात कॅन मोजायला उभं केलं. दूध घेऊन आलेले लोक त्यांच्याकडं बघून आपसात बोलत होते. नोंदी कागदावर चालल्या होत्या. पडद्यावरची तिसरी टाकी त्रेपन्नवर गपगार उभी होती.

"बघितलं का?" चेअरमन म्हणाले.

दुपारी टँकर आला. एरवी त्या वेळी पडद्याकडं कुणी बघत नसे, पण मी बसूनच होतो. पहिली टाकी रिकामी झाली, पडद्यावर शून्य आलं. दुसरी झाली, तिचंही शून्य आलं. मग मामांनी तिसरीला पाइप लावला. त्रेपन्न. अर्ध्या तासानं मी उठून टाकीवर गेलो आणि उघड्या झाकणातून आत बघितलं. मामा आत पाणी मारत होते. टाकी रिकामी होती. परत आलो तर पडद्यावर अजून त्रेपन्नच.

म्हणजे तो आकडा टाकीतून येतच नव्हता. बाईंच्या रिकाम्या खुर्चीत बसून मी एक हा आकडा दाबला. काचेतून पडद्यावर एकोणपन्नास दिसले. ओळ पुसून दोन दाबला, पन्नास झाले. तीन दाबला, एक्कावन्न.

संगणक एक हा आकडा एकोणपन्नास या क्रमांकानं साठवतो, दोन पन्नासनं. हे शिकाऊ पोरालाही माहीत असतं. कार्डाच्या पत्त्यांना दोन पानं लागत होती. पहिल्या दोन टाक्या पहिल्या पानात होत्या, तिसरी दुसऱ्या पानात. मी कर्नलकडं एकच पान मागितलं होतं. पुण्यात तपासताना दोनच टाक्या जोडल्या होत्या, म्हणून काही कळलं नाही. तिसऱ्या टाकीसाठी माझा ड्रायव्हर त्या पानापलीकडं जाऊन जी जागा वाचत होता, तिथं बाईंनी टाइप केलेली ओळ साठत होती. प्रत्येक नोंदीत आधी संस्थेचा क्रमांक यायचा. त्याचा पहिला आकडाच आम्ही दुधाची पातळी म्हणून बघत होतो.

चेअरमनना सांगितलं तर ते माझ्याकडंच रोखून बघायला लागले. "तुमी तिला वाचवायलाव का?"

मी त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांनी एका बोटानं सात दाबला. मी केबिनमधून ओरडून पंचावन्न सांगितलं. त्यांनी नऊ दाबला, सत्तावन्न झाले. मग उठून स्वतः जाऊन पडदा बघितला, परत येऊन पुन्हा सात दाबला.

"दुरुस्त करा. पण बाहेर बोलू नका," शेवटी ते म्हणाले. "संस्थेची इज्जत जाईल."

दुरुस्ती एका ओळीची होती. एकाच्या जागी दोन.

बाहेर जाऊन मी बाईंना सगळं सांगितलं. कॅनवर खुणा करायचा हातातला खडू त्यांनी खाली ठेवला नाही.

"म्हंजे चूक तुमची हुती."

"हो. माझी."

"आन् आज मला हितं उभं करायचं कुणी सांगितलं?"

"मीच."

त्या कॅनांकडं बघत राहिल्या. "आठ दिस झालं, हितं माझ्याशी कुणी धड बोललं न्हाय. हे तुमी मला एकटीलाच सांगून काय व्हतंय? लिहून द्या."

मी कंपनीच्या कागदावर लिहून सही केली आणि चेअरमनना न विचारता कागद केंद्राच्या सूचना फलकावर लावला. दुसऱ्या सकाळी मी परतीची बस धरायच्या आधी बघितलं, तर फलकावर नुसत्या टाचण्या होत्या. पण बाईंनी आदल्या दिवशीच त्याची नक्कल करून घेतली होती. मूळ कागद कुणी काढला, ते त्यांनी विचारलं नाही. त्या पुन्हा मशीनवर बसल्या होत्या. दोन महिन्यांनी त्यांनी ते काम सोडलं आणि पंचायत समितीत लागल्या, असं पुढं कळलं.

काही वर्षांनी उमरग्याच्या स्टँडवर मामा भेटले. चहा घेता घेता तो विषय निघाला. मी पुन्हा सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमी म्हंताव तर असंल तसं," ते म्हणाले. "पण साहेब, मशीन उगं कशाला बोलंल?"

त्यांच्यावरही तेव्हा आळ होता, याची मी त्यांना आठवण करून दिली. ते हसले आणि म्हणाले, "माझं मला ठावं हाय. तिचं कुणाला ठावं?"