सलूमाची खूण

मुकल्ला बंदराच्या जुन्या बाजारात, मासळीच्या धक्क्याकडे उतरणाऱ्या गल्लीत, अवद बाखमीसचं सुया-दोरे आणि बटणांचं दुकान आहे. दुकान इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत शिरलं की अवदला बाहेर यावं लागतं. याचं त्याला वाईट वाटत नाही. बाहेरच्या बाकावर बसून बोलणं हाच त्याचा खरा धंदा. बटणं आपली तोंडी लावायला.

बोलण्याचा विषय कायम एकच, सोकोत्रा बेट. ऐन तारुण्यात सरकारने त्याला तिथल्या डोंगरातल्या एका वस्तीवर मास्तर म्हणून धाडलं होतं. सोबत नवीकोरी बायको, सलूमा. ते जातात न जातात तोच वाऱ्याचा मोसम लागला, समुद्र बंद झाला, गलबतं किनाऱ्याला बसली, आणि या दोघांनी लग्नानंतरचा पहिला उन्हाळा एका गुहेत काढला. सोबतीला यजमान, त्यांच्या शेळ्या आणि एक धूर ओकणारा स्टोव्ह. वारा पडला, अवदची बदली झाली, दोघं मुकल्ल्याला परतली. गोष्ट एवढीच. पण गोष्टीला अवदने आपल्या हाताने दाणापाणी घातलं आणि ती बाळसं धरत गेली.

पहिल्या वर्षी सांगताना वाऱ्याने नेली होती ती अवदची टोपी. थोरला मुबारक रांगायला लागला तेव्हा टोपीची शेळी झाली होती. पोराला मिसरूड फुटेपर्यंत गाढव, आणि पोरगा दम्मामला नोकरीला लागला त्या सुमारास वारा उंट उचलायला लागला. झाडांचंही तसंच. कापलं की रक्त गाळणारी झाडं तिथं आहेत हे खरंच, पण अवदच्या झाडातून आधी थेंब येई, मग धार, आता वाडगा भरत होता.

"अवद," शेजारचा मासळीवाला सईद म्हणायचा, "पुढच्या मोसमात वारा डोंगर नेणार असला तर आधी सांग बाबा. मी त्या बाजूला मासे वाळत घालणार नाही."

बाक हसायचा. अवदही हसायचा. पण हसता हसता त्याची नजर वरच्या खिडकीकडे जायची. तिथं लाकडी जाळीआड सलूमा तांदूळ निवडत बसलेली असे. अख्ख्या मुकल्ल्यात या प्रकरणाला साक्षीदार एकच, आणि त्या साक्षीदाराने इतक्या वर्षांत हो म्हटलं नव्हतं की नाही म्हटलं नव्हतं. फार झालं तर वरून एक "हं" यायचा. त्या "हं"चा अर्थ लावण्यात अवदचं निम्मं आयुष्य गेलं.

आणि एक दिवस, जेवणाचं ताट पुढे सारत, सलूमा थोरल्याच्या नावाने हाक मारून म्हणाली, "अबू मुबारक, मला ते बेट दाखवा."

"तू पाहिलंयस की."

"मी पाहिलं ते वेगळं. तुम्ही सांगता ते दाखवा."

अवदने ताट मागे सारलं. त्याने गुडघेदुखी सांगून पाहिली, दुकान कोण बघणार विचारलं, समुद्र किती वाईट असतो हे तर उंटाच्या पट्टीत सांगितलं. सलूमा ऐकून घेत होती आणि गाठोडं बांधत होती. खरं कारण त्याला सांगता येत नव्हतं. इतकी वर्षं सांगून सांगून त्यातलं देवाने केलेलं कुठलं आणि आपण केलेलं कुठलं, हे त्याचं त्यालाच आता कळत नव्हतं. बेट लहान निघालं तर? सईदचं हसणं परवडतं. पण ही बाई एका गुहेत आपल्याबरोबर राहिली, आणि उरलेलं आयुष्य एका थापाड्याबरोबर काढलं असं तिला वाटलं तर?

वारा पडल्यावर सिमेंट आणि कांदे घेऊन निघालेल्या गलबतावर दोघांना जागा मिळाली. नवराबायकोची ही प्रीतीची सफर सिमेंटच्या पोत्यांवर पार पडली. अवदचं पोट पहिल्या लाटेलाच फिरलं. सलूमा दर थोड्या वेळाने कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरत होती.

"लग्नानंतर गेलो तेव्हाही असंच," ती म्हणाली.

"तेव्हा मी तुझी काळजी घेतली होती."

"हं."

बेटावरच्या हदीबो गावाच्या किनाऱ्यावर दोघं उतरली आणि अवदचं उरलंसुरलं अवसान गळालं. डांबरी रस्ता, मोबाईलची दुकानं, हॉर्न. फक्त पांढरी गिधाडं तेवढी जुनी. कचऱ्याभोवती ती लग्नघरी पंगतीची वाट बघणाऱ्या पाहुण्यांसारखी उभी होती. न्यायला आलेला थानी त्यांच्या जुन्या यजमानांचा मुलगा. अवदने त्याला बोटं मोजायला शिकवली होती, आता त्याच्याच दाढीत पांढरे केस होते. त्याने रीतीप्रमाणे अवदच्या नाकाला नाक लावलं आणि गिधाडांकडे हात करून म्हणाला, "मास्तर, ही आमची नगरपालिका. पगारसुद्धा मागत नाही."

गाडी डोंगर चढायला लागली. अवदला वळणं आठवत नव्हती, धबधबा कुठल्या बाजूला होता ते आठवत नव्हतं. सलूमा खिडकीतून बघत होती, आणि ती काय बघते आहे ते अवद बघत होता.

पठारावर गाडी थांबली. थानी म्हणाला, "मास्तर, तुमची झाडं."

अवद मान खाली घालूनच उतरला. सावलीत गेल्यावर त्याने वर पाहिलं.

खोडाला फांदी फुटली होती, फांदीला दोन, दोनाच्या चार, आणि असं होता होता आभाळ उरलंच नव्हतं. झाड खालून बघताना वाटावं की कुणीतरी हाताची ओंजळ उलटी धरून आपल्याला झाकून घेतलंय आणि त्या हाताच्या सगळ्या शिरा दिसताहेत. एकामागे एक अशी झाडं पार दरीच्या काठापर्यंत गेली होती. मागच्या वादळात पडलेलीही काही होती. आडवी पडूनही ती माणसाच्या डोक्याच्या वर होती. ढग त्यांच्यातून चालत होता. चालत होता, असंच म्हणावं लागेल, कारण तो घाईत नव्हता आणि त्याला वाट माहीत होती.

"सांगा ना," सलूमा हळूच म्हणाली.

"काय सांगू?"

बाकावर इतकी वर्षं त्याने झाडाची उंची वाढवली होती, घेर वाढवला होता, रक्त वाढवलं होतं. पण या सावलीत उभं राहिलं की छातीत काय होतं, ते त्याने एकदाही सांगितलं नव्हतं. त्याला आठवलं नव्हतं असं नाही. सांगता आलं नव्हतं.

थानीने सालीच्या जखमेवरून एक सुकलेला लाल खडा काढून सलूमाच्या तळहातावर ठेवला. तिने बोट ओलं करून तो चोळला. तळहात रक्तासारखा झाला.

"वाडगाभर?" तिने विचारलं.

"वाडगा लहान होता," अवद म्हणाला.

सलूमा तोंडाला पदर लावून हसली. पण पुढचा रस्ताभर तिने ती मूठ उघडली नाही.

वस्तीवर थानीची आई मुसल्लमा दारातल्या चटईवर बसली होती. तिचे डोळे जवळजवळ गेलेले. नवरा साआद जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिने सलूमाचा चेहरा चाचपला, नाकाला नाक लावलं आणि ते तसंच धरून ठेवलं.

"कुठं गेली होतीस गं इतकी?" म्हातारी म्हणाली. "पाणी आणायला गेल्यासारखी गेलीस."

दूध घातलेला चहा आला. सलूमा पेला तोंडाला लावणार तोच म्हातारी म्हणाली, "पी, पी. तुझंच आहे."

पाहुण्याला असं म्हणायची रीतच असते, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. तेवढ्यात उतारावरून शेळ्या यायला लागल्या. थानीची बायको एकेकीला नावाने हाका मारत होती आणि नाव ऐकलेली शेळी मान वर करून पुढे येत होती. सलूमा कौतुकाने बघत होती. मग तिचा पेला खाली ठेवला गेला.

"अहो," ती म्हणाली. "कान बघा."

या बेटावर शेळी कुणाची ते कानावरून ओळखतात. प्रत्येक घराची कापण्याची खूण वेगळी, आईची खूण करडाला. साआदच्या घराची खूण अवदला आठवत होती, उजव्या कानाला मागून दोन खाचा. पण पुढे येणाऱ्या शेळ्यांपैकी कितीतरींचा डावा कान टोकाला चिरलेला होता आणि चिरेच्या खाली एक लहानशी चंद्रकोर.

आता अवदला आठवलं. वाऱ्याच्या मोसमात एक करडू पोरकं झालं होतं. सलूमाने ते गुहेत उराशी धरलं, बोट दुधात बुडवून बुडवून जगवलं. निघायच्या दिवशी साआद म्हणाला, एवढं आमच्यात राहिलेली बाई बिनशेळीची कशी जाईल? हे करडू तुझं. मग तिच्यासाठी बेटावर कुणाचीच नसेल अशी खूण शोधायला तो दगडावर बसून राहिला. करडू गलबतावर नेता येत नव्हतं. अवदला वाटलं, भल्या माणसाने गोड बोलून निरोप दिला. बाकावर सांगण्याजोगं त्याला त्यात काहीच दिसलं नव्हतं.

"ह्या सगळ्या?" सलूमाने विचारलं.

"तिच्या लेकी, लेकींच्या लेकी," थानी म्हणाला. "बोकड आम्ही खाल्ले, दूध आम्ही प्यायलो, ते सांभाळणाऱ्याचं असतं. माद्या तुझ्या."

"आणि तो मोठा दुष्काळ पडला तेव्हा?" अवदने विचारलं. "ऐकलं होतं आम्ही, वस्त्या रिकाम्या झाल्या."

म्हातारीने सांगितलं, कालची गोष्ट सांगावी तसं. "आमच्या कापल्या. हिच्या तीन राहिल्या होत्या, त्यांना खजुराच्या बिया कुटून घातल्या. दुसऱ्याची वस्तू आधी कशी कापायची?"

"पण आम्ही परत येणारच होतो असं कुठं होतं?" अवद म्हणाला.

म्हातारीला प्रश्नच कळला नाही. तिने थानीकडे तोंड वळवलं, थानीने तो बेटावरच्या तिच्या भाषेत सांगितला, तरी कळला नाही. "शेळी हिची आहे," ती पुन्हा म्हणाली, मास्तरला समजेल अशा सावकाश आवाजात.

सलूमा उठून कळपात गेली. एका शेळीने तिचा हात हुंगला, दुसरीने पदर चावून पाहिला. ती वाकून एकेकीच्या कानावरून बोट फिरवत होती. अवदने मोजायला सुरुवात केली, पण शेळ्या जागा बदलत होत्या आणि डोळ्यांत पाणीही होतं, तेव्हा त्याने तो नाद सोडला.

ऊन डोंगरामागे गेल्यावर दोघं दारातल्या दगडावर बसली. जवळच तो लहानसा ओढा, ज्याला अवद बाकावर धबधबा म्हणायचा.

"हे मी सईदला सांगणार नाही," अवद म्हणाला.

"का?"

"कोण विश्वास ठेवणार? उंटावर ठेवला नाही, यावर ठेवतील?"

सलूमाने शेळ्यांकडे पाहिलं. "सांगा तुम्ही. या वेळी मी खिडकीतून हो म्हणेन."

अवदने तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्याला याहून मोठं काही मिळालं नव्हतं, आणि मागायचं धाडसही झालं नव्हतं.

"आणि उंटाचं?" त्याने भीत भीत विचारलं.

"हं," सलूमा म्हणाली.