प्रयागबाईच्या बियाण्यांची मालकी

रैतू बाजारात, म्हणजे शेतकऱ्यांच्या बाजारात, भाजी विकणाऱ्या चाळीस बाया प्रयागबाईकडूनच बी न्यायच्या. तिच्या नावावर भलतंच बी कोणी खपवू नये म्हणून तिच्या मुलीने, दामिनीने, एक स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे फोनवरून चालणारा संगणकी करार, लिहिलं. दामिनी आदिलाबादेत कॉम्प्युटर शिकवायची.

"आई, हा करार आपला आपणच चालते. यात मालक तू. मंग यादी, कोणतं बी कोणाकडं गेलं त्याची. अन् अट अशी, का मालकानं अंगठा लावल्याबिगर यादीत काईच चढत नाई."

"चढलेलं पुसता येते?"

"नाई. मलेबी नाई."

"मंग बरं हाय."

दोन वर्षं प्रयागबाई बी निरखून मगच फोनवर अंगठा लावायची. गेल्या दिवाळीत तिने दोडक्याच्या बियांना कारलं म्हटलं. सगळ्या हसल्या, तीही हसली. संक्रांतीपर्यंत मात्र कोणी काहीही पुढे धरलं तरी ती अंगठा लावू लागली. नऊ चुकीच्या नोंदी चढल्या, त्या कायमच्या. निर्मल शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, विसरण्याचा आजार आहे, वाढतच जाणार.

मालकी बदलायची सोय दामिनीने करारात ठेवली होती, पण ती मालकालाच वापरता येत होती. आई झोपेत असताना अंगठा टेकवून घेता आला असता. तिने तसं केलं नाही. सकाळी चहा देऊन ती आईसमोर बसली.

"आई, बियांची मालकी माह्या नावानं कर."

"काऊन? मी मेली का?"

"नाई वं. तू विसरून राह्यली."

प्रयागबाईने कप खाली ठेवला. "समजते मले. आज उठल्यावर तुह्यं नाव आठवत नव्हतं," ती म्हणाली, आणि तिने अंगठा लावला.

पंधरा दिवसांनी शेजारची रेणुकाबाई चवळीचं बी न्यायला आली. प्रयागबाईने सवयीने फोन घेतला. मालक आता ती नव्हती. कराराने नोंद नाकारली. तिने पुन्हा अंगठा लावला. पुन्हा लावला.

"दामिने, हा मले काऊन ओळखत नाई?"

दामिनीच्या तोंडून खरं निघेना. "नेटवर्क नाई, आई."

त्यानंतर प्रयागबाईने ना फोनला हात लावला, ना बियांना. नोंदी आता दामिनी करते. वांग्याचं बी कोणतं आणि मिरचीचं कोणतं, हे तिला रेणुकाबाईला विचारावं लागतं. आई तिथेच, दोघींच्या मधे बसलेली असते.