मावशीची बोटं

माझी मावशी नर्स आहे. परवा वॉर्डातली वीज गेली आणि निपचित पडलेल्या एका आजोबांच्या उशाशी नाडी दाखवणारा पडदा काळा झाला. मावशीने त्यांचं मनगट धरलं. बोटांखाली धडधड लागली, पण ती आजोबांची की स्वतःची, हे तिला कळेना. तेवढ्यात आजोबा डोळे न उघडता पुटपुटले, "आहे मी अजून, सिस्टर. आधी तुम्ही बसा."

यंत्रं आल्यापासून तिने हाताने नाडी पाहिलीच नव्हती. आता घरी आली की ती माझं मनगट धरते. "बोलू नकोस गं," म्हणते. तिची बोटं गार असतात. हिला काहीच लागलं नाही तर, या भीतीने मीही गप्प बसते.