भट्टीमातेचं व्रत

आमच्या घरी जेवणाच्या वेळा घड्याळ ठरवत नसे, कारखान्याचा भोंगा ठरवायचा. बाबा तिथल्या लोखंडाच्या भट्टीवर कामाला. कधी सकाळची पाळी, कधी दुपारची, कधी रात्रीची. आणि आई भंडाऱ्याकडच्या खेड्यातून आलेली, नवऱ्याआधी घास न घेणारी. खेड्यात ते कसंबसं निभायचं, कारण तिथे बाबा दुपारी शेतातून घरी यायचे. इथे हिंदी मुलखात, कारखान्याच्या सेक्टर सहाच्या क्वार्टरात नळ आला, वीज आली, पण आईचं पोट बाबांच्या पाळीला बांधलेलंच राहिलं. बाबा दुपारच्या पाळीला असले की ती रात्री अकराला जेवायची. त्यातही आधी बाबा आणि माझे दोन भाऊ, मग कढईला काय चिकटलं असेल ते आम्हा दोघींचं. भाऊ तर मला चिडवायला कढई बोटाने पुसून काढायचे. मला त्यांचा असा संताप यायचा की विचारू नका.

मी अकरा वर्षांची असताना आईला पुन्हा दिवस गेले. ती पांढरीफटक पडली, दोन बादल्या उचलल्या की धापा टाकायची. दिवेलागणीला तिला नीट दिसेना, स्वतःच्याच उंबरठ्याला दोनदा ठेचकाळली. तेव्हा कुठे ती दवाखान्यात जायला तयार झाली. तिची हिंदी बेताची, म्हणून दुभाषी मी.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या पापण्या ओढून पाहिल्या, नखं पाहिली आणि मला हिंदीत स्पष्ट सांगितलं. अंगात रक्त नाही, जीवनसत्त्वं नाहीत, असंच चाललं तर बाळंतपणात आई वाचेल याचा भरवसा नाही. लाल-हिरव्या भाज्या, डाळ, लिंबू, गाजर, सगळं पोटभर आणि वेळेवर. शिवाय रोज एक पिवळी गोळी.

मी एक शब्द न गाळता आईला सांगितलं. ती म्हणाली, "माही मोठी बहीन बी बाळंतपनातच गेली. तिचं आयुष्यच तेवढं होतं."

मावशी काय खायची, हे कोणी कधी विचारलंच नव्हतं. मी मात्र त्या दिवसापासून धास्तावले. रस्त्याने आईचा हात सोडला नाही.

आठवड्याभरात मला गोळ्यांचा पत्ता लागला. एक दिवस ती बाबांच्या डब्यात जायची, एक दिवस दोघा भावांत अर्धी-अर्धी. घरात सगळे टवटवीत, आई सोडून.

"तू कावून नाई खात?" मी ओरडले.

"त्याइले भट्टीपाशी उभं राहा लागते. मी त घरीच असतो."

मी भांडले, रडले, एक दिवस उपाशीही राहून पाहिलं. शेवटी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आई डॉक्टरचं ऐकत नव्हती, माझं तर नाहीच नाही, पण देवाधर्माचा एकही नेम तिने आजवर मोडला नव्हता. तिला वाचता येत नव्हतं. श्रावणातल्या कहाण्या तिला मीच वाचून दाखवायची.

गणिताच्या तासाला मी भट्टीमातेची कहाणी लिहिली. एका राजाची मोठी लोखंडाची भट्टी होती. राणी सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खायची, म्हणून भट्टीमाता कोपली आणि भट्टी थंडावली. राजा हवालदिल झाला. मग देवीने दृष्टांत दिला की राणीने बाळंत होईपर्यंत रोज सकाळी दहाच्या आत पहिलं ताट स्वतः वाढून घ्यावं, त्यात लालभाजी किंवा मुनग्याचा, म्हणजे शेवग्याचा पाला असावा, वर लिंबू पिळावं आणि तुळशीच्या पानाबरोबर एक पिवळी गोळी प्रसाद म्हणून घ्यावी. संध्याकाळी दिवा लागला की पुन्हा तसंच. प्रसाद वाटू नये. वाटला तर नवऱ्याच्या भट्टीला धोका. भावांवरचा राग काढायला मी आणखी एक नियम घातला, की मुलग्यांनी आपापली ताटं घासावीत.

मैत्रिणीच्या आजीच्या वहीतून उतरवून आणली, असं सांगून मी ती आईला वाचून दाखवली. तिने डोळे मिटून, हात जोडून ऐकली. "गोळी बी हाय पोथीत?" एवढंच विचारलं.

"देवीले पिवळा रंग आवडते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आईने सर्वांआधी ताट वाढून घेतलं. बाबांनी वही मागून घेतली, माझं अक्षर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मिशीत हसले आणि म्हणाले, "शास्त्रात असन तं खा लागनच." भाऊ ताटं घासताना मला शिव्या देत होते. तो माझ्या आयुष्यातला फार सुखाचा काळ होता.

बाळंतपण सोपं नव्हतं. सबंध दिवस आम्ही दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून होतो आणि मी माझ्याच खोट्या देवीला नवस बोलत होते. पण आई वाचली. बहीण झाली.

महिन्याभराने आई चुलीपाशी आली आणि पहिल्याच दिवशी मुकाट्याने सगळ्यांच्या मागे बसली. तिच्या ताटात भात आणि मीठ. व्रत संपलं होतं ना.

माझा तोल सुटला. "ते व्रत खोटं होतं! मीच लिवलं होतं!"

तिने हात उगारला, पण मारलं नाही. देवीच्या नावाने थापा मारल्या म्हणून चिडली असेल, असं मला वाटलं. ती हळूच म्हणाली, "म्हंजे मी माह्यासाठीच खाऊन राहिली होती?" आणि चोरी पकडली गेल्यासारखी ती शरमेने रडायला लागली. आईचं मला इतकं वाईट आजवर कधी वाटलं नव्हतं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी, बाबा कामावर गेले असताना, तिने ती वही माझ्यापुढे ठेवली.

"यात बाळंतिनीचं काई नाई."

"नाई."

"लिहून टाक. दूध पाजनारीनं काय खावं, कवा खावं, समदं." ती पाळण्याकडे वळली आणि पाठमोरीच म्हणाली, "अन् हे बी लिहिजो, का पोरीले आईसंगं पैल्याच ताटावर बसवावं."