चिंचेनं घासलेले व्हॉल्व्ह

इंजिनाचे व्हॉल्व्ह चिंचेनं घासले तर किती लखलखतात, हे अनुभवानं सांगू शकणारी पनवेलात मी एकटीच बाई असेन. नव्या सुनेला दसऱ्याच्या सकाळी दिसेल ते घासायची हौस असते. माझ्या तर अंगातच आलं होतं. समया झाल्या, तांब्या-पळी झाली, आणि ओटीवर वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलेले आठ दांडे दिसले, एका टोकाला बशी असलेले. माझे धाकटे दीर दिनकरभावोजी यांचे. उचलले, घासले आणि शस्त्रांच्या पाटावर मोठे चार आत, छोटे चार बाहेर असं कमळ मांडून झेंडू वाहिला. मॅट्रिकला फर्स्ट क्लास होता हो माझा!

भावोजी गेले त्याला आता महिना होईल. माझ्याहून लहान असून पुढे गेले... आयुष्यात एवढी एकच रांग मोडली त्यांनी.

ते इंजिन त्यांनी उघडलेलं पहिलंच. आप्पांची, म्हणजे आमच्या सासऱ्यांची, जुनी गाडी मागीलदारी बंद पडून होती. भावोजींना गॅरेज काढायचं होतं आणि आप्पांची जागा होती कळंबोलीच्या रस्त्याला. आप्पा म्हणाले, "गाडी कोन गावाला नेऊन परत आण, जागा तुजी. नाय तर गपचूप नोकरी धरायची." मग भावोजींनी सगळं इंजिन सुटं केलं. पंधरवडाभर ओटीवर रॉकेलचा वास, आणि ते एकेक व्हॉल्व्ह तळहातांत फिरवत घासत बसलेले. मी त्यांना "ताक घुसळताय का, भावोजी?" म्हणून चिडवायची.

त्या सकाळी ते इंजिनाचं पॅकिंग आणायला बाजारात गेले होते. परतले, कमळ पाहिलं आणि उंबऱ्यातच थांबले. "वहिनी, ओळ मोडली नाहीत ना? प्रत्येकाला त्याच्याच जागी घासून बसवलंय. अदलाबदल झाली तर बसायचे नाहीत."

"छे हो! उचलले तसेच ठेवते की." आणि ठेवले मी. ओळीतच ठेवले... कुठली ओळ ते देवाला ठाऊक. ती नवी सून आज मला भेटली तर तिचा कान पिळीन.

त्यांनी विश्वास ठेवला. गाडी सुरू झाली तेव्हा नारळ फोडायला मीच पुढे! पण गाडी डांग्या खोकल्याच्या पोरासारखी धापा टाकत निघाली आणि कोनच्या अलीकडे बसली ती बसलीच. ट्रकला दोर बांधून घरी आणली. आप्पा एवढंच म्हणाले, "खोलता आला, जोडता नाय आला. गॅरेज काय चालवशील?" भावोजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी नारळाची शेंडी निरखत होते. नवी सून, भरलं अंगण... तोंड उघडलं नाही.

जागा लोखंडाच्या गोदामाला भाड्यानं गेली. भावोजी कारकून झाले, चांगले झाले, साहेबही झाले. पण पुन्हा कधी बॉनेट उचललं नाही. पंक्चर झालं तरी माणूस बोलवायचे. दर दसऱ्याला सोनं द्यायला आले की डोळे मिचकावून विचारायचे, "वहिनी, यंदा काय काय घासलंत?" मी हसायची. तेही हसायचे. बोलायला इतके दसरे मिळाले मला, आणि मी दर वेळी त्यांच्यापुढे श्रीखंडाची वाटी सरकवली.

तेराव्यानंतर सुमनला, माझ्या धाकट्या जावेला, सगळं सांगितलं. ती भावोजींच्या शर्टांच्या घड्या घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "ताई, गाडी बंद पडली तेव्हाच कळलं होतं त्यांना. पण आप्पांना सांगायचं तर तुमचं नाव घ्यावं लागलं असतं. म्हणायचे, वहिनी आपणहून बोलल्या असत्या तर आप्पांकडे आणखी चार दिवस मागून इंजिन परत खोललं असतं. दुसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंत वाट बघितली हो त्यांनी."